दहा वाजता नेट बंद करणारी कुमुद

नवीन पनवेलच्या मासळी बाजारात कुमुद कोळी कुठे बसते ते दुरूनच कळतं, कारण तिथली गिऱ्हाइकं मासे घेण्याआधी तिचं बोलणं ऐकत उभी असतात. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते. ही हकिगत तिने मला बाजारातच सांगितली, सुरमईचे तुकडे करता करता, तीन सकाळी मिळून. मधला काही भाग मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

कुमुद मूळची उरणजवळच्या करंजा बंदरातली. शाळा सातवीपर्यंत. नवरा दादू बंदरात क्रेन चालवतो, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगी कोमल दहावीत, मुलगा भावेश सहावीत. कुमुद पहाटे साडेतीनला उठते, टेम्पोने करंजाला जाते आणि आठच्या आत मासळी घेऊन बाजारात हजर होते. कोणाला कोळंबी सोललेली लागते, कोणाला मांदेलीची डोकी काढून लागतात, हे चाळीसेक घरांचं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

डिसेंबरात भावेशच्या वर्गशिक्षिका मनिषा मॅडमनी तिला बोलावून घेतलं. गणिताच्या पेपरात भावेश झोपला होता. उत्तरपत्रिकेवर तीन गणितं आणि त्याखाली पेनाची एक लांब वाकडी रेघ, हात घसरल्याची.

"घरी रात्री नेट चालू असतं का?" मॅडमनी विचारलं.

"असतं. का, काय झाला?"

"वर्गातली सहा मुलं रात्री एकत्र गेम खेळतात. एकच्या पुढेसुद्धा. भावेशने स्वतःच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्यावर कुमुदने मुलांच्या खोलीत डोकावलं. भावेशच्या चादरीखाली निळा उजेड होता. पलीकडे कोमलच्याही. एवढी वर्षं ती त्या खोलीवरून पावलांचा आवाज न करता जात होती, मुलांची झोप मोडू नये म्हणून.

तिने आधी सोपा उपाय केला. झोपताना राउटरचं बटणच बंद केलं, ते सकाळपर्यंत. पण त्यांचं घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. तिथे मोबाइलला रेंज नाही, घरातले फोन वायफायवरच चालतात. दादूची पाळी बदलल्याचा निरोप रात्री फोनवर येतो. करंजाच्या बायकांच्या ग्रुपवर पहाटे साडेतीनला कळतं, कुठली होडी काय घेऊन आली. दोन्ही बंद पडलं. त्या दिवशी कुमुद बंदरावर पोचली तेव्हा चांगले बोंबील केव्हाच उचलले गेले होते. फोन काढून कपाटात ठेवले, तर कोमलचा अभ्यास फोनवरच, मग कपाटाच्या किल्लीवरून मायलेकींचा रोज तंटा.

तिने नेटवाल्याला विचारलं. तो जोडणी तपासायला आला होता. पायरीवर बूट घालता घालता म्हणाला, "ताई, रात्री ठरावीक फोन बंद करायची सोय असते आत. पण ते सेटिंगचं काम तुम्हाला नाही जमणार. मुलाला सांगा, तो करून देईल."

"पोरालाच बंद करायचा हाय ना," कुमुद म्हणाली. तो हसला आणि गेला.

पण सोय आहे एवढं कळलं होतं. मला आठवतं, त्या दुपारी ती माझ्याकडे आली ती जवळजवळ धावतच, पदर खोचलेला, हातात राउटर. तो तिने उलटा करून माझ्यासमोर धरला. खाली एक स्टिकर, त्यावर ठिपक्यांनी तोडलेले आकडे आणि त्याखाली एक पासवर्ड. "वहिनी, हा पत्ता हाय. हा फोनात घातला का आत जाता येतं म्हणतात." मला त्यातलं काही येत नव्हतं. मग आम्ही खाली तिच्या घरी गेलो, राउटर परत जोडला आणि तिने तिच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला फोन लावला. धर्मराजकाका, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, मंगळवार सोडून रोज मासे खाणारे.

"करून देऊ का येऊन?" काकांनी विचारलं.

"नको. तुमी नुसता सांगा. हात माझाच लागला पायजे."

स्पीकरवर काका बोलत होते आणि कुमुद एकेका बोटाने आकडे दाबत होती. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पान उघडलं, सगळं इंग्रजीत. तिला अक्षरं ओळखता येतात, शब्द लावायला वेळ लागतो. ती मोठ्याने अक्षरं वाचायची आणि पलीकडून काका अर्थ सांगायचे. शेवटी एक यादी आली. घरातल्या नेटवर त्या क्षणी असलेली सगळी यंत्रं. सात नावं, एकही ओळखीचं नाही.

"प्रत्येक यंत्राला स्वतःचा नंबर असतो," काका म्हणाले. "होडीला असतो तसाच."

हे ऐकल्यावर कुमुद ताठ बसली. पुढचं तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. मुलं शाळेत होती, त्यांचे फोन घरीच; दादूही सुटी म्हणून घरीच होता. तिने भावेशचा फोन बंद केला आणि यादी पुन्हा उघडली. सहा नावं. "गेला," ती मला म्हणाली. टीव्ही बंद केला. पाच. ती उठून एकेक यंत्र बंद करायची, परत येऊन पाहायची, आणि जे नाव नाहीसं झालं असेल ते नंबरासकट माझ्याकडून वहीत लिहून घ्यायची. अर्ध्या तासात सातही नावांची ओळख पटली. भावेश आणि कोमलच्या फोनापुढे तिने वेळ घातली, रात्री दहा ते पहाटे साडेपाच, आणि सेव्ह दाबलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती इतकी खुशीत होती की मी वर चहाला चल म्हटलं तर नको म्हणाली, बसवतच नव्हतं तिला.

रात्री दहाला ती ओट्याशी बोंबील साफ करत उभी होती, कान आतल्या खोलीकडे. दहा वाजून एका मिनिटाने भावेश बाहेर आला.

"आई, माझं नेट गेलं."

"गेला का? मग झोप."

पण कोमलकडून काहीच तक्रार आली नाही. सकाळी कारण समजलं. पाळीवरून सुटी म्हणून घरी झोपलेला दादू हातात फोन घेऊन बाजारात आला. त्याला लवकर येण्याचा निरोप होता, तो त्याला मिळालाच नव्हता. बाप-लेकीचे फोन एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले, यादीत दोघांचं नाव तेच. कुमुदने मुलीऐवजी नवऱ्याचं नेट बंद केलं होतं.

"मना पण दहाला झोपवतंस का?" दादूने विचारलं. मुकादमाकडून दोन शब्द ऐकून घ्यावे लागले होते त्याला, तरी सांगताना त्यालाच हसू फुटलं. कुमुदने त्याच दुपारी चूक सुधारली. ह्या वेळी नावाखालचा नंबर वहीतल्या नंबराशी अक्षर अन् अक्षर जुळवून.

दोन रात्री घर शांत होतं. भावेश सकाळी हाक मारण्याआधी उठायला लागला. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास कुमुदने सहज यादी उघडली आणि थांबली. नावं सातच होती, पण कोमलच्या फोनाचं त्यात नव्हतं. त्याच्या जागी नाव नसलेला, नुसता एक नवा नंबर.

ती ओरडली नाही. सकाळी बाजारात काका आले तेव्हा पापलेट कापायच्या आधी तिने त्यांना तेच विचारलं. काका खूश झाले. "पोरगी हुशार आहे. हल्लीच्या फोनात सोय असते, दर वेळी खोटा नंबर लावून आत शिरायची. तू अडवतेस जुन्या नंबराला."

"मग मी अडवायचा कोणाला?"

"अडवू नकोस. उलटं कर. रात्री कोणाला सोडायचं तेवढेच नंबर लिही. तुझा आणि दादूचा फोन खोटा नंबर लावणार नाही असं करून घे. बाकी आपोआप बाहेर."

ती गिऱ्हाइकं उरकून, पाटी शेजारणीकडे सोपवून तडक घरी आली. त्या रात्री दहाच्या ठोक्याला त्या घरात फक्त दोन फोन चालू राहिले. सव्वादहाला कोमल ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"कोणाकडून करून घेतलंस?"

"मीच केला."

"खरं सांग."

कुमुदने हात धुतले, फोन उघडून तिला यादी दाखवली आणि कुठला नंबर कोणाचा ते न चुकता सांगितलं. कोमल बघत राहिली. मग तिचे डोळे भरले, आणि ते रागाने नव्हतं.

"मी गेम नाही खेळत, आई. मी रूपाला गणित शिकवते."

रूपा तिच्या वर्गात होती. तिचा बाप बुधा इथल्या बांधकामावर मजुरीला होता, कुटुंब तिथेच पत्र्याच्या खोलीत राहायचं. काम संपलं तसं दिवाळीनंतर रूपा घरच्यांबरोबर चिरनेरकडच्या आपल्या वाडीवर परत गेली. दहावी तिथूनच देणार होती. घरात फोन एकच, बुधाचा, आणि तो वीटभट्टीवरून रात्री साडेनऊला परतायचा. त्याचं जेवण होऊन फोन रूपाच्या हाती यायला दहा वाजायचे.

"मग रोज पहाटेपर्यंत गणित?" कुमुदने विचारलं.

"गणित अकरापर्यंत. नंतर मी तशीच बघत बसते काहीतरी."

हे तिने आपणहून कबूल केलं, त्याचं कुमुदला फार वाटलं. मायलेकी ओट्याशीच बसल्या. दादू आला, तोही बसला. कुमुदने कोमलला पावणेअकरापर्यंत सूट दिली, शनिवारी अकरा. आणि ती वेळ यादीत घालायला तिने कोमललाच बोट धरून दाखवलं, पासवर्ड मात्र स्वतः घातला, फोन छातीशी धरून. कोमलने लगेच वाडीवर फोन लावला. रूपाशी बोलून झाल्यावर कुमुदने फोन मागून घेतला. "आये कुठं हाय तुझी? दे तिला." दोघी बायका पंधरा मिनिटं बोलल्या, मुलींचं गणित बाजूला राहिलं.

फेब्रुवारीत भावेशच्या शाळेत पालकसभा होती. मनिषा मॅडमनी कुमुदला विचारलं, बाकीच्यांना दाखवाल का. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "वहिनी, मना चक्कर येईल." तरी गेली. हातात कापडी पिशवी, तिच्यात घरचा राउटर. मीही गेले. वर्गात तीसेक पालक, बाकं मुलांची, गुडघे मावत नव्हते. पहिली दोन वाक्यं तिची कोणाला ऐकूच आली नाहीत. मग राउटर सुरू झाला, प्रोजेक्टरने फळ्यावर यादी दिसू लागली, आणि तिचा बाजारातला आवाज परत आला.

"नावं वाचत बसू नका. घरातला एकेक यंत्र बंद करा आणि कोण गायब होतो ते बघा."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "पण मुलं काहीतरी नवीन शोधून काढतातच."

"काढतातच. आमचीनं पण काढला. तवाच तर आमी एकमेकींशी बोललो."

सभा संपायला तास उशीर झाला. कोणी उठायला तयार नव्हतं, जो तो आपल्या फोनात आकडे घालून बघत होता. सात बायकांनी तिचा नंबर घेतला. रविवारी ती पहिल्या घरी गेली, मला सोबत घेऊन. तिथल्या आईची तक्रार होती की मुलगा रात्रभर जागतो. कुमुदने एकेक यंत्र बंद करायला लावलं, मग राउटरमधली गेल्या आठवड्याची रात्रीची नोंद उघडली आणि दोनदा तपासली. मुलाचा फोन रोज साडेदहाला शांत होत होता. पहाटे दोनपर्यंत चालणारा नंबर वडिलांच्या फोनाचा निघाला.

वडील सोफ्यावर पेपर वाचत होते. तो त्यांनी थोडा वर धरला.

"ह्यांनाही वेळ लावता येते का?" बायकोने विचारलं.

"येते ना," कुमुद म्हणाली. "किती वाजता लावू?"