मुंगी न लागलेला ओलावा

गोपीनाथ डुंबऱ्याला स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल तर त्यानं पुढे यावं. खोपटच्या चाळीतल्या शेजाऱ्यांनी पाहिला नव्हता, आणि चौदा वर्षं त्याच्याबरोबर संसार केलेल्या शेवंतीनंही नाही. जेवायला बसला की याचा एक गुडघा हलतोच आहे. देवापुढे हात जोडले की नजर दाराकडे. "अवो, पायाला भिंगरी बांधूनच तुमास्नी आईनं जल्माला घातलं का काय?" असं शेवंती विचारायची, आणि उत्तर ऐकायच्या आधीच हा बाहेर गेलेला असायचा.

ओतूरचा हा गडी ठाण्यात त्र्यंबकराव प्रधानांकडे ड्रायव्हर होता. प्रधानांची येऊरच्या डोंगरात, पोखरणच्या तळ्याच्या वरच्या अंगाला दगडाची खाण. तिथं जायला रस्ता म्हणाल तर एक चढाव, दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या आणि एका अंगाला दरी. साधी मोटार तिथं जाऊच शकत नव्हती. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी कॅम्पातला माल लिलावात निघाला, त्यात त्र्यंबकरावांनी एक जीप उचलली. हिरवा रंग मारून घेतला, तरी बॉनेटवरचा पांढरा तारा खालून दिसतच राहिला. जीपबरोबर ड्रायव्हरही लष्करातलाच मिळाला म्हणून साहेब खूश होते. ती खुशी महिनाभरही टिकली नाही!

कारण गोपीनाथची सकाळ. सात वाजता तो शेडमध्ये यायचा आणि डाव्या पुढच्या चाकापासून सुरुवात करायचा. चाकावर बुक्की, नटांना पाना. बॉनेट उघडून पाणी बघायचं, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून बघायची. मग पाठीवर झोपून गाडीखाली. शेवटी ब्रेकचं पेडल दाबून धरायचं आणि तोंडानं दहा आकडे मोजायचे. पेडल जागचं हललं नाही तर गाडी निघणार, हललं तर नाही. साहेब धोतर सावरत ओट्यावर ताटकळताहेत, घड्याळ बघताहेत, आणि हा आपला सात, आठ, नऊ मोजतोय. शेजारपाजारच्यांनी नावच पाडलं, प्रदक्षिणावाला.

बरं, नुसत्या प्रदक्षिणेवर भागत नव्हतं. जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच. पेट्रोल घालायचं म्हणजे इंजिन बंद आणि सगळ्यांनी खाली उतरायचं, मग त्यात साक्षात साहेब का असेनात. एकदा साहेबांचे एक पाहुणे सिगारेट ओढत जवळ आले, तर या पठ्ठ्यानं त्यांच्या तोंडातली सिगारेट काढून चिखलात टाकली. पाहुणे निघाले मामलेदार! आठ दिवस प्रधानांच्या घरात दुसरा विषय नव्हता. साहेब सांगायचे, अरे, उतारावर गिअर काढून गाडी सोडत जा, पेट्रोल वाचतं. हा म्हणायचा, "पेट्रोल वाचंल साहेब, आपण न्हाई वाचायचो." आणि खालच्या गिअरमध्ये गाडी घुरघुरवत, बैलगाडीच्या चालीनं डोंगर उतरायचा.

त्यात दर चार दिवसांनी याला काहीतरी दिसायचं. आज पट्टा ढिला, उद्या चाकात आवाज, परवा नुसतंच "बरं वाटत न्हाई साहेब." शंभरातल्या नव्वद वेळा काही निघायचं नाही. रोज मरे त्याला कोण रडे! साहेबांनी त्याचं ऐकणंच सोडून दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांची चूकही म्हणवत नाही.

पण शेवंतीला माहीत होतं. ठाण्यात तिच्याशिवाय ते कुणालाच माहीत नव्हतं. लढाईत गोपीनाथ आणि त्याचा धाकटा भाऊ दगडू एकाच तुकडीत ड्रायव्हर होते, तिकडं ब्रह्मदेशाच्या डोंगरात. एका सकाळी पाऊस नुकताच थांबला होता. दगडूच्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली ओलं दिसलं. दगडू म्हणाला, "दादा, बघ की जरा." गोपीनाथला स्वतःची गाडी काढायची घाई. त्यानं उभ्या उभ्याच बघितलं आणि म्हणाला, "पावसाचं पाणी हाय रं. जा." दगडू गेला. तिसऱ्या वळणावर ट्रक खाली गेला, आणि वर आणण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. आईला तारेनं कळलं. गोपीनाथनं घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, फक्त ते एक वाक्य सोडून.

आता सांगा, असा माणूस स्वस्थ कसा बसेल?

तर गोष्ट एकोणीसशे बावन्नच्या दसऱ्याची. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, प्रधानांच्या शेडमध्ये हत्यारांची पूजा झाली. ही पूजा विमलाबाईंची, म्हणजे त्र्यंबकरावांच्या आईची. पासष्टीच्या बाई, कडक. घरातली तलवार, खाणीतल्या पहारी, दगड फोडायच्या सुतक्या, आणि गोपीनाथचे झाडून सगळे पाने पाटावर लाल कापडावर मांडले. हळदकुंकू, झेंडूची फुलं. जीप धुऊन पुसून उभी केली, चारही चाकांभोवती रांगोळी काढली आणि पुढच्या दोन चाकांसमोर एकेक नारळ फोडला. मग विमलाबाईंनी दरवर्षीचं बजावलं, "उद्या सीमोल्लंघन होईपर्यंत पाटावरच्या हत्याराला कुणी हात लावायचा नाही. पूजा मोडली तर वर्षभर हत्याराला यश नाही."

गोपीनाथनं मान डोलावली, पण रात्रभर त्याची बोटं वळवळत होती. एक अख्खा दिवस पान्याशिवाय!

दसऱ्याला दुपारी खाणीवर जायचं ठरलेलं. वरच्या देवीला नारळ द्यायचा, मजुरांना पेढे वाटायचे आणि सोनं लुटून संध्याकाळच्या आत खाली यायचं. जीपमध्ये साहेब, विमलाबाई, साहेबांची सात वर्षांची चित्रा आणि तिची दोन आतेभावंडं. नवी परकर-पोलकी घालून पोरं दोन तास आधीच मागच्या सीटवर चढून बसली होती.

गोपीनाथ नेहमीसारखा डाव्या पुढच्या चाकापासून निघाला. पाना नाही, तर नट हातानंच चाचपले. नारळाच्या पाण्यानं रांगोळी तिथं विस्कटली होती आणि मुंग्यांनी नुसता बुजबुजाट केला होता. पाय चुकवत तो मागे आला. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूलाही रांगोळी ओली होती, तळहाताएवढी.

नारळाचं पाणी असंल, असं त्याच्या मनात आलं आणि तो उजव्या चाकाकडे वळलासुद्धा. दोन पावलं गेला आणि जागीच थांबला. त्याचंच जुनं वाक्य त्याच्या कानात आलं. पावसाचं पाणी हाय रं, जा.

तो परत फिरला, उकिडवा बसला. नारळ फोडला पुढं, मग पाणी मागं कसं? आणि पुढं एवढ्या मुंग्या, इथं एकही नाही. त्यानं बोट बुडवून नाकाशी नेलं. एरंडेलासारखा जड, वर स्पिरिटचा झणका असलेला वास. ब्रेक ऑइल. तो सीटवर चढला, पेडल दाबून धरलं आणि मोजायला लागला. पाच म्हणेपर्यंत पेडल पायाखालून हळूहळू तळाला गेलं.

"साहेब, गाडी न्यायची न्हाई," त्यानं ओट्याशी जाऊन सांगितलं. "ब्रेकचं तेल गळतंय."

"झालं का सुरू?" त्र्यंबकराव भडकलेच. "अरे, सणासुदीचं तरी! वर साठ माणसं वाट बघताहेत." ते तरातरा आले, सीटवर बसले आणि पेडल दोनचारदा दणादण दाबलं. तसं दाबलं की पेडल वर येतं, घट्ट लागतं. "हा काय, लागतोय की ब्रेक!"

"दाबून धरा साहेब. धा मोजा."

"तूच मोज जन्मभर! आणि हँडब्रेक आहे ना?"

"त्यो उभ्या गाडीला, साहेब. सुटल्या गाडीला त्यो काय करणार? एका चाकाचं तेल गेलं की चारीच्या चारी चाकं मोकळी. मला एक पाना घिऊ द्या, बघतो."

"पाना?" विमलाबाई जिन्यावरून उतरत होत्या, त्यांनी तेवढंच ऐकलं. "पाटाला हात लावशील तर याद राख."

म्हणजे बघा तिढा. पाना उचलायचा तर सीमोल्लंघन व्हायला हवं, सीमोल्लंघनाला जीप हवी, आणि जीपला पाना हवा! गोपीनाथ नुसता येरझारा घालायला लागला, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागून चित्रा ओरडली, "गोपीकाका, चला ना आता!" त्यानं तिच्याकडे बघितलं. दोन वेण्या, त्यात झेंडूची फुलं.

"नाही ना नेत तू? मी नेतो," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांना गाडी येत होती, सपाट रस्त्यावरची.

साहेब टोपी आणायला घरात गेले. तेवढ्या वेळात गोपीनाथनं बॉनेट उघडलं आणि डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखालचा रोटर काढून खिशात टाकला. बोटाच्या पेराएवढा तुकडा तो, पण तो नसला की इंजिन पेटत नाही. लष्करात गाडी शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ड्रायव्हर हेच करायचे.

साहेबांनी सेल्फ मारला. घर्र, घर्र. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा बॅटरी कुरकुरायला लागली तेव्हा गोपीनाथच्यानं राहवेना.

"चालू व्हायची न्हाई साहेब. रोटर माझ्या खिशात हाय."

त्र्यंबकरावांचा चेहरा लालबुंद झाला. "चोरी? माझ्या घरात, माझ्या गाडीचा भाग चोरतोस? ठेव तो इथं आणि चालायला लाग. उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

"जातो. नोकरी घ्या, पर रोटर देणार न्हाई," गोपीनाथचा आवाज चिरकला. इतकी वर्षं जे आईला सांगितलं नव्हतं ते सगळ्यांसमोर बाहेर पडलं. "माझ्या भावाला, दगडूला, मीच धाडला वो असा! मागल्या चाकाखाली ओलं व्हतं. त्यो म्हनला, दादा बघ. मी म्हनलो, पावसाचं पाणी हाय, जा. गेला त्यो. आज बी मी तेच म्हनत व्हतो, नारळाचं पाणी हाय म्हणून. पोरं बसल्यात साहेब मागं!"

मग विमलाबाई म्हणाल्या, "कुठं आहे ओलं? दाखव मला."

त्यानं दाखवलं. बाई लुगडं सावरून खाली वाकल्या. पुढच्या चाकापाशी बघितलं, मागच्या चाकापाशी बघितलं, पुन्हा पुढे जाऊन आल्या. बोटानं ओलावा चाचपला, हुंगला.

"त्र्यंबक," त्या म्हणाल्या, "नारळाच्या पाण्याला रात्रभर मुंगी लागली नाही असं माझ्या जन्मात मी पाहिलं नाही. आणि नारळ मी इथं फोडलेलाच नाही."

त्या उठल्या आणि सरळ पाटाकडे गेल्या. देवीला हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या. फुलं बाजूला केली. "कुठला हवा?"

"आई!" त्र्यंबकराव ओरडले.

"तू गप्प बस. कुठला हवा रे?"

गोपीनाथनं बोटानं दाखवला. हळदकुंकवानं माखलेला पाना विमलाबाईंनी स्वतःच्या हातानं उचलून त्याला दिला. तो मागच्या चाकाजवळ पाठीवर सरपटत आत गेला. नटाला पाना लावून जरासा ताण दिला, आणि ब्रेकचा पाइप कट्कन तुटून त्याच्या हातात आला. तेलाची धार लागली, त्या चाकाची रांगोळी वाहून गेली.

तो बाहेर आला आणि तुकडा साहेबांच्या तळहातावर ठेवला. स्प्रिंगच्या पट्टीवर घासून घासून पाइप एका अंगानं कागदासारखा झाला होता. पुसटसा ताण, आणि संपलं.

त्र्यंबकरावांनी तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. नखानं घासलेली जागा खरवडली. मग त्यांनी मागच्या सीटकडे बघितलं. चित्रा पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसली होती. ते गेले आणि त्यांनी तिला उचलून खाली घेतलं. सात वर्षांची पोर, आपली आपण उतरणारी, तरी उचलली, आणि बराच वेळ कडेवरून खाली ठेवलीच नाही.

"दोन टांगे बोलाव," शेवटी ते एवढंच म्हणाले. माफीबिफी काही नाही. पण उद्यापासून येऊ नको हेही पुन्हा म्हणाले नाहीत.

डोंगराच्या पायथ्याशी टांगे सोडले आणि सगळे चालत वर गेले. विमलाबाईंनी दहा ठिकाणी बसून दम खाल्ला, पण खांद्यावर हात ठेवायला गोपीनाथच लागत होता. वर नारळ फुटला, मजुरांचा गलका झाला, आपट्याची पानं वाटली गेली. गोपीनाथ नेहमीसारखा कडेला फेऱ्या मारत होता. विमलाबाईंनी त्याला हाक मारली.

"हे घे सोनं," त्यांनी त्याच्या हातावर एक पान ठेवलं. तो पाया पडायला वाकला तर म्हणाल्या, "थांब." आणि दुसरं पान ठेवलं. "हे दगडूचं. तुझ्याजवळ असू दे."

गोपीनाथनं ते पान खिशात ठेवलं. खिशात रोटर होताच. मग तो तिथल्याच एका दगडावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, गुडघे हलत नाहीत, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि ते पुसायचीही घाई नाही. उन्हं कलली, माणसं उतरायला लागली, तरी तो बसूनच होता. चित्रानं येऊन त्याचा हात ओढला तेव्हा तो उठला.