अटकलेली अळी

फवारणीचा उग्र वास आला की मला जानेफळचे आमचे शेजारी काका आठवतात. एक महागडं औषध मारूनही बीटी कपाशीतली बोंडअळी कशी आरामात चालते, असा व्हिडिओ मी नेटवर टाकला होता. काकांनी तो मोबाइलवर लावला आणि नेमकी अळी दिसताच तो अटकला. "हे पाय, मेली. हालूनच नाही राह्यली," काका खुशीत म्हणाले. मी म्हटलं, "काका, नेट अटकलं, अळी नाही." "मंग त्या औषधाची जाहिरात काऊन पळून राह्यली?" सिमवाल्यांच्या डेटा पॅकात त्यांना पैसे मोजणाऱ्या कंपन्यांचे व्हिडिओ पळत आणि आमच्यासारख्यांचे रांगत, हे काही त्यांना पटेना. त्यांनी तेच औषध आणून मारलं. आठवड्यानं बोंड फोडून त्यांनी शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, दिलेली हाक मला अजून ऐकू येते, "ये बे, तुयं नेट सुरू झालं. अळी चालून राह्यली."