सील दोनदा बदललं, तेल तरी गळतेच

मित्रांनो, आज माह्या डोक्याचा पार भुगा झाला. बाबाचं खरं का माझं, तेच समजून नाई राह्यलं.

आमचा जुना ट्रक धान वाहते. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गळत होतं. उद्या आरमोरीले धान न्यायचं आहे, म्हणून सकाळी अंगणातच ट्रकखाली शिरलो. जुनं सील काढलं, नवं ठोकलं. एक चक्कर मारून आलो तं तेल पुन्हा टपटप. वाटलं, वाकडं बसलं असंल. दुसरं आणून बसवलं. तरी तेच!

बाबा खाटेवर बसून सगळं पाहून राह्यले होते.

शेवटी गिअरबॉक्सच्या वरून हात फिरवला. तिथी हवा बाहेर निघायले एक बारीक छिद्र असते. त्यात कापडाचा बोळा कोंबलेला! आतली हवा तापली की निघायले जागाच नाई, मंग ती सीलमधून तेल ढकलते.

"बाबा, हे कोणं बुजवलं?"

"मीनंच. नाल्यावरच्या ठेंगण्या रपट्यावरून पाणी वाहत असलं की ते त्या छिद्रातून आत जाते."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू सीलचं काम करून राह्यला होता. छिद्राचं कुठी विचारलं?"

बोळा काढला, गळती थांबली. मी खुश. बाबा शांतपणे म्हणाले, "तेल बाहेर आलं तं खाली दिसते. पाणी आत गेलं तं दिसते का?"

तेव्हापासून बोळा हातात घेऊन बसलो आहे. उद्याच्या वाटेवर तोच रपटा आहे, आन् त्यावर अजून पाणी आहे. तुम्ही असते तं काय केलं असतं?