दसऱ्याच्या मुहूर्तावर डिस्प्ले गेला

माझ्या लग्नाच्या बायोडेटात ‘कॉम्प्युटर एक्स्पर्ट’ असं छापलं होतं. मी ऑफिसांना प्रिंटरची शाई विकतो. शाई प्रिंटरला लागते, प्रिंटर कॉम्प्युटरला लागतो, तेव्हा ते अगदीच खोटं होतं असं मी मानत नाही.

वय चौतिशीला टेकलं होतं, डोक्यावरचं छप्पर विरळ होत होतं आणि बरीच स्थळं हातची गेल्यावर प्रभादेवीच्या मृणालचं स्थळ आलं. लालबागहून प्रभादेवी म्हणजे जेवून शतपावली करत पोचावं इतकं जवळ! पण तिने कळवलं की कांदेपोह्यांत सुट्टी घालवायची नाही, आधी सगळ्यांनी व्हिडिओवर बोलू, पटलं तर पुढचं. दिवस ठरला दसऱ्याचा. मोबाइलच्या एवढ्याशा चौकोनात आईला होणारी सून नीट दिसणार नव्हती, म्हणून घरातल्या डेस्कटॉपवर बोलायचं ठरलं.

आता दसरा म्हणजे आमच्याकडे यंत्रांची पूजा. सकाळीच आईने मिक्सर, बाबांचा पाना आणि कॉम्प्युटर यांना हळदकुंकू वाहिलं. सीपीयूच्या डब्याला झेंडूची माळ, वर नारळ, आणि मॉनिटरच्या ऐन मध्यावर कुंकवाचा टिळा. दुपारी मी वेळेआधीच लिंक उघडून ठेवली आणि स्क्रीनवर स्वतःला बघून भांग पाडला. वर इस्त्रीचा झब्बा, खाली बर्मुडा (बसल्यावर कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसत नाही, एवढं ज्ञान मला होतं). समोरची मंडळी यायची होती. तेवढ्यात आईच्या लक्षात आलं की तो टिळा बरोब्बर मुलीच्या तोंडावर येणार. तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं, मॉनिटरची खालची कड घट्ट धरली आणि खसाखसा पुसलं. टिळा गेला आणि त्याच्याबरोबर चित्रही गेलं.

सीपीयूचा दिवा जळत होता, आतला पंखा घुरघुरत होता, पण स्क्रीन काळाठिक्कर. आवाजही मॉनिटरमधूनच यायचा, त्यामुळे तोही गप्प. आईबाबा दोघेही माझ्याकडे पाहू लागले. घरातला एक्स्पर्ट मीच होतो.

एक्स्पर्ट लोक पहिल्यांदा यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात. मी बटणाकडे हात नेला, तर आईने हातावर फटका मारला.

“हात लावू नको. पूजा मांडलेली आसा. सांजेक अक्षता पडल्याशिवाय डबो हलवूचो नाय.”

मी म्हटलं, हलवत नाही, नुसता बंद करतो. पण पूजेतली वस्तू बंद करणं म्हणजे तिच्या मते तेवती समई फुंकर मारून विझवणं होतं, तेही मुलाच्या लग्नाच्या गोष्टी चालू असताना! शेवटी मी टेबलावर चढलो आणि मॉनिटरवरून पलीकडे ओणवा होऊन मागच्या वायरी दाबून पाहिल्या. बाबांचा जन्म गिरणीत गेला. मशीन अडलं की थापटी मारायची, हा त्यांचा अनुभव. त्यांनी मॉनिटरच्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. झेंडूचं एक फूल खाली पडलं, बाकी काही झालं नाही.

आशा सुटली की आमच्या घरात तोंडं सुटतात. आई म्हणाली, “जाऊंदे. फोटोत बरी दिसता, पण नाक वायच पसरट आसा. आता तुझ्या डोक्यार तरी केस खंय रवले म्हणा.”

“नाकाबद्दल बोलू नकोस,” मी टेबलावरूनच म्हणालो. “आठवडाभर तोच फोटो उघडून बघतोय मी. ही पण गेली ना, तर मी लग्नच करत नाही. आणि ते एक्स्पर्ट वगैरे सोड, मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

एवढं सगळं खरं बोलून झालं. मग खोटं बोलायला मी मृणालच्या वडिलांना फोन लावला. म्हटलं, काका, माफ करा, अख्ख्या चाळीची लाईट गेलीय, मेणबत्ती लावून बसलोय.



“बरं,” ते म्हणाले. “पण तुमच्या डोक्यावरचा पंखा फिरतोय.”

मी वर पाहिलं. फिरत होता. मग सीपीयूला जोडलेल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. अंधार फक्त आमच्या बाजूला होता. तिकडची मंडळी केव्हाच येऊन बसली होती आणि बर्मुडापासून नाकापर्यंत सगळा कार्यक्रम त्यांनी पाहिला-ऐकला होता.

फोन मृणालने घेतला. “आईंनी कड धरली ना, तेव्हा खालचं बटण दाबलं गेलंय. मॉनिटर दुसऱ्या वायरीवर गेला असेल. तेच परत दाबा.”

दाबलं. चित्र आलं. एका सोफ्यावर दाटीवाटीने बसलेली माणसं तोंडात रुमाल कोंबून हसण्याने गदगदत होती. आई पदर डोक्यावर घेऊन सरळ मोरीत गेली.

संध्याकाळी अक्षता पडल्या आणि होकारही आला. त्यामागचं कारण मृणालने लग्न ठरल्यावर सांगितलं. तुझं खोटं लगेच पकडलं जातं, ती म्हणाली, आणि माझ्या नाकाची बाजू घेतलीस, तेवढं खरं वाटलं.

तिच्या भावाने हे सगळं रेकॉर्ड करून ठेवलंय, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं. रिसेप्शनला दादरच्या हॉलमध्ये त्याने ते मोठ्या पडद्यावर लावलं. माझा बर्मुडा भिंतभर पसरलेला पाहून मी स्टेजवरून धावलो आणि प्रोजेक्टरची वायर हिसका देऊन उपटली. ती स्पीकरची निघाली. आवाज गेला, डिस्प्ले मात्र शेवटपर्यंत झकास होता.