बिनविरोध गावाची एसटी

माघारीचा फॉर्म मी स्वतः करुणापुढे सरकवला, तेव्हा तीन वाजायला दहा मिनिटं होती. तीननंतर माघार घेता येत नाही. माघार म्हणजे उमेदवारानं लेखी आपलं नाव परत घेणं. दोघांपैकी एकानं ते परत घेतलं की दुसरा बिनविरोध, मतदान रद्द.

मी माजलगाव तालुक्यातल्या एका गावचा ग्रामसेवक. ही निवडणूक सरपंचाची नव्हती. पंधरा ते अठरा वयाच्या मुलामुलींनी आपल्यातूनच एक युवा प्रतिनिधी निवडायचा, असा उपक्रम तालुक्यात आला होता. निवडून आलेल्यानं तालुक्याच्या सभेत पोरांचं म्हणणं साहेब लोकांपुढे मांडायचं. निवडणूक अधिकारी मीच. मतपत्रिका, शिक्का, पेटी म्हणून बिस्किटाचा पत्र्याचा डबा, सगळी तयारी हौसेनं केली होती.

उमेदवार दोनच. एक ओंकार, उपसरपंच अण्णांचा पुतण्या. दुसरी करुणा, अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंची मुलगी, अकरावी सायन्सला. तिचा मुद्दा एकच होता. माजलगावचं कॉलेज साडेबाराला सुटतं आणि गावाकडे येणारी एसटी साडेपाचला. पाच तास पोरी स्टँडवर बसून राहतात. घरचे वैतागले होते, दिवाळीनंतर कॉलेज बंद म्हणत होते. करुणा घरोघर जाऊन हे सांगत होती आणि तीच येणार हे मला दिसत होतं. अण्णांनाही दिसलं.

अण्णा ऑफिसात आले. आवाज चढवला नाही, उलट चहा मागवला. म्हणाले, "भाऊसाहेब, लेकराबाळांत कामून फूट पाडता? आपलं गाव बिनविरोधवालं हाय."

ते खरं होतं. विकास सोसायटी बिनविरोध, ग्रामपंचायत बिनविरोध. तालुक्याच्या बीडीओ साहेबांनीही मीटिंगमध्ये सांगितलं होतं, बिनविरोध करणाऱ्या गावांचा सत्कार करू. मला सत्काराचा मोह झाला असं म्हणून मोकळं होता येईल, पण तसं नव्हतं. मला कटकट नको होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मतदान म्हणजे तक्रारी आणि बिनविरोध म्हणजे एका पानाचा अहवाल, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मी करुणाला बोलावून समजावलं. गावात वाद नको, तुला पद हवंय की एसटी, असंही विचारलं. तुझा मुद्दा मी लिहून देतो, ओंकार तो मांडेल, म्हणालो.

"त्यो खरंच मांडंल का, सर?"

"मी आहे ना."

तिनं सही केली. मला हायसं वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मी एसटीचा मुद्दा टाइप करून ओंकारच्या हातात दिला. सभेत आधी बिनविरोध गावांचे सत्कार झाले, मलाही शाल मिळाली. मग ओंकार बोलायला उभा राहिला. त्यानं ओपन जिम मागितली. माझा कागद त्याच्या खिशातच. एसटी डेपोचे मॅनेजर मुद्दाम आले होते. त्यांनी स्वतःहून विचारलं, तुमच्या गावाचं बसबद्दल काही म्हणणं?

ओंकार हे पोरगं लबाड नव्हतं. पण ते कॉलेजला चुलत्याच्या मोटरसायकलवर जायचं.

"न्हाई सर. आमच्या गावाला एसटीची काय अडचण न्हाई."

क्लार्कनं ते प्रोसिडिंगला घेतलं. प्रोसिडिंग म्हणजे सभेचं इतिवृत्त. एकदा त्यात आलं की सरकारदरबारी तेच खरं. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठून एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. साहेबांनी नुकतंच कौतुक केलं होतं, म्हणून गप्प बसलो.

येताना ओंकारला झापलं. तो म्हणाला, "मला कुणी म्हणलंच न्हाई, सर, एसटीचं. तुमी एकट्यानंच कागद देलता."

मतं मागायला चार दारांत गेला असता, तर त्या पोरींनी त्याला पकडून सांगितलं असतं. त्याला कुणाच्या दारात जावंच लागलं नाही, आणि ती सोय मीच करून दिली होती.

पुढच्या महिन्यात पोरींनी डेपोला अर्ज केला. उत्तर लवकर आलं. सोबत इतिवृत्ताची प्रत, त्या एका ओळीखाली पेनानं रेघ. करुणा ते घेऊन ऑफिसात आली. तिनं कागद टेबलावर ठेवला, पण बसली नाही.

"सर, बिनविरोध म्हणजे माझं बी हेच म्हणणं हाय, असंच झालं ना?"

मी ग्रामपंचायतीचा ठराव करून पाठवतो म्हणालो. पाठवलाही. तो अजून डेपोत पडून आहे.

दिवाळीनंतर तिचं कॉलेज सुटलं. आता बारावीला ती सतरा नंबरचा फॉर्म भरणार आहे, म्हणजे वर्गात न जाता बाहेरून परीक्षा. बाहेरून सायन्स देता येत नाही, म्हणून आर्ट्स. ओपन जिम मात्र आली.

माझी कटकट वाचली आणि एका पोरीचं सायन्स गेलं. 'निवडणूक शांततेत व एकमतानं पार पडली', असं अहवालात आहे. खाली सही माझीच आहे.