चकव्याच्या हाताखालचं पांढरं

पोटासाठी मी भुतं काढते. कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी राक्षस, हडळी, दहा डोळ्यांचे प्राणी, काय म्हणाल ते. लोक म्हणतात, तुमची स्टाइल बाहेरची वाटते. डोंबलाची बाहेरची! आर्वीच्या शाळेतल्या कपाटात गोष्टींचं एक पुस्तक होतं, त्यातल्या एका चित्रातून माझं सगळं आलं. तुरीच्या शेतातून पाठमोरा चाललेला चकवा, ज्वारीच्या ताटासारखा उंच, डावा हात जरा बाजूला काढलेला. वाटसरूला रात्रभर शेताच्या एकाच धुऱ्या-बांधावर फिरवणारा चकवा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक, पण त्याला पाहिलेलं कुणी नाही. तो हात माझ्यासाठीच पुढे केलाय, असं मला वाटायचं. मी त्यावर तळवा झाकून गोष्ट वाचायची.

एका मुलाखतीत मी हे बोलले, आणि मागच्या उन्हाळ्यात त्या चित्रकाराचाच फोन आला. मला वाटलं होतं, ते कधीच गेले असतील. राहत होते इथेच, आर्वीच्या वाटेवरच्या आंजीला.

"त्या चित्रातलं पांढरं उडून राह्यलं," ते म्हणाले. "ब्रश घेऊन येजो. माह्या डोयानं बारीक काई दिसत नाई आता."

भर दुपारी पोचले. घरात काका नि काकू, दोघंच. टेबलावर मूळ चित्र होतं, पुस्तकातल्यापेक्षा बरंच मोठं. पूर्वी चुकलेली रेघ पांढऱ्या पोस्टर कलरनं झाकायचे, म्हणजे ती छापून येत नसे. चकव्याच्या हाताखाली असाच एक भलामोठा पांढरा डाग होता आणि त्याचे पोपडे सुटले होते. एका पोपड्याखालून फ्रॉकची झालर दिसत होती. दुसऱ्याखालून इवली बोटं, चकव्याच्या बोटांत अडकलेली. ज्या मोकळ्या हाताची मी इतकी वर्षं नक्कल करत होते, तो मोकळा नव्हताच.

"पोरगी आमची," काका म्हणाले. "तिलेच समोर उभी करून काढत होतो. चित्र अर्धं झालं अन् तापानं गेली थे. मीच तिचा हात त्याच्या हाती देल्ला. मंग झाकून टाकली. आता बाहेर येऊन राह्यली. झाक तिले, पोरी."

मी रंगाची बाटली उघडली. तेवढ्यात काकूंनी येऊन माझं मनगट धरलं.

"झाकू नको व माय. एक फोटो नाई तिचा घरात. मले तिचं तोंडच आठवत नाई आता."

काका नको, नको म्हणत राहिले. मला राग आला, दोघांचाही. अरे, हे माझ्यावर काय म्हणून टाकता? पण बाटली बंद केली. "काका, तिला परत पुरणं माझ्या हातून होणार नाही. रागवा हवं तर."

पोस्टर कलर पाण्यानं सुटतो, खालची शाई सुटत नाही. ओल्या कापसानं मी टिपत गेले. फ्रॉक आला. अनवाणी पाय. खांदा, दोन वेण्या, मागे वळलेली मान. काकू इतक्या जवळ आल्या, की त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मग चेहऱ्यावरचं पांढरं निघालं.

खाली नुसता कागद होता. डोळे, नाक, काही नाही. चेहरा शेवटी काढायची पुष्कळ चित्रकारांची सवय असते, माझीही आहे. काका शेवटापर्यंत पोचलेच नव्हते. दोन वेण्यांच्या मध्ये ती कोरी जागा आमच्याकडे वळून बघत होती. काकूंकडे बघायची माझी हिंमत होईना.

काका भिंतीकडे तोंड करून बसले होते. "भेऊन राह्यली का थे?" त्यांनी विचारलं. "मी कशी काढलती, मले आठवत नाई."

काकूंनी त्या कोऱ्या जागेवरून सावकाश बोट फिरवलं.

"नाई जी," त्या म्हणाल्या. "हासून राह्यली."