डाव्या हाताचा अडकित्ता

बारा तास लूमवर उभं राहून आलेला माणूस घरी येऊन पुन्हा लोखंड बडवत बसतो, हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मी कोणाला पटवत बसत नाही, तेवढा जीव आता उरलेला नाही. तेव्हाही फारसा नव्हता.

नव्वदनंतरची ती वर्षं. खानदेशातून सुरतेला येऊन मला बराच काळ झाला होता. पर्वत पाटियाजवळ दोन खोल्या होत्या आणि त्यांच्या मागे पत्र्याखालची चिंचोळी जागा. लूमवर दिवसभर कापड निघायचं, रात्रपाळी असली की रात्रभर निघायचं. पांढरं, कच्चं कापड. गठ्ठे बांधून कुठे जायचं, त्याच्या साड्या कोण छापायचं, कोण नेसायचं, आपल्याला काही पत्ता नाही. आपण फक्त तुटलेला धागा जोडायचा आणि पुढच्या लूमकडे धावायचं. एखादी तरी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातून व्हावी, असं माझ्या डोक्यात शिरलं. का शिरलं, काय डोंबल सांगू. शिरलं एवढं खरं.

सुरतेजवळ कामरेजला एक म्हातारा लोहार होता. बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवण्यात त्याचा जन्म गेला. गाड्या संपल्या, पोरं हिरे घासायला लागली, तेव्हा त्याने दुकान मोडायला काढलं. त्याच्याकडून मी ऐरण आणली, मूठ फिरवून वारा देणारा भाता आणला, तुकडा घट्ट पकडून ठेवणारा, जमिनीपर्यंत लोखंडी पाय असलेला एक जुना शिकंजा, दोन हातोडे, सांडशी, आणि दाते अर्धे झिजलेल्या कानशी. सगळं त्याच्या बापाच्या वेळचं. टेम्पोतून सामान उतरताना बायको दारात उभी होती.

"अहो, तिकडे आवाज कमी पडतो म्हणून इकडेही सोय केलीत का?" ती म्हणाली.

मी भाता उचलून मागे नेला. थकलो होतो, आणि शिवाय ती बरोबर बोलत होती.

पहिलं वर्ष मी नुसतं लोखंड वाया घालवलं. कानस मारणं दिसतं तसं नाही. हात डुलतो, मग दोन्ही कडा झिजतात आणि मधे पोट राहतं. ते पोट काढायला जावं तर तुकडाच संपतो. सुट्टीच्या दिवशी कधी कामरेजला गेलो की म्हातारा माझा तुकडा उजेडात धरून बघायचा आणि गुजरातीत म्हणायचा, "धीमे धीमे करो भाई, लोखंड क्यांय भागी नथी जवानुं." लोखंड पळून जात नाही हे मलाही कळत होतं. पण धीमं करायला माणसाच्या अंगात त्राण लागतं. पाळी करून आल्यावर माझ्या पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या. तरी मी बसायचो. एक खिळा केला, मग एक आकडा, मग दाराची कडी. कडी वाकडी झाली, ती अजून तशीच आहे.

बाप गेल्यापासून माय आमच्याकडेच राहायची. त्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणली, हळूहळू जीभ वळायला लागली, काठी धरून पाय उचलायला लागली. उजवा हात मात्र आला नाही. तो मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा.

आता माझ्या मायबद्दल एक सांगितलं पाहिजे. तिची ओळख म्हणजे तिचा अडकित्ता. आमच्याकडे दारात माणूस आलं की पाणी आणि सुपारी पुढे करतात, त्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. मायची सुपारी कातरलेली बघावी अशी. कागदासारखे पातळ काप, सगळे एका मापाचे. बोलता बोलता, बघतसुद्धा नसायची हाताकडे. सुरतेत आमच्या गल्लीत सगळी खानदेशी वस्ती, दुपारी चार बाया पायरीवर येऊन बसायच्या, आणि मायचा हात चालू असायचा. आजारानंतरही बाया आल्या. माय भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सुपारी बायकोने कातरली. बाया गेल्यावर माय एवढंच म्हणाली की हिची सुपारी लाकूड फोडल्यासारखी.

मग तिने एक धोशा लावला. "माले गावले धाडी दे." रोज संध्याकाळी तेच, मला गावी पाठव. गावी आमचं घर बंद होतं, शेजारी काका-काकू. मी म्हणायचो, "माय, काकू भाकरी देईल. बाकीचं कोण करील तुझं?" ती म्हणायची पाठव. मी म्हणायचो नाही. असं बरेच दिवस चाललं आणि मग ती विचारायची थांबली. जेवणही कमी केलं. बायको घास भरवायची, ती दोन घास घेऊन तोंड मिटायची.

मी घाबरलो. सरळ सांगतो, घाबरलो. बाप गेला तेव्हा मी पाळीवर होतो, गावी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. निदान माय डोळ्यांसमोर राहावी, बाकी मला काही नको होतं. आणि ती तर माझ्या घरात बसून निघून चालली होती. वाटलं, हिला तिची सुपारी परत मिळाली तर ही राहील. दुसरं मला काय येत होतं? थोडंफार लोखंड येत होतं.

अडकित्ता दोन हातांचं काम आहे. एका हाताने दाबायचं, दुसऱ्याने सुपारी धरायची. मी ठरवलं की खालची पात फळीवर पक्की बसवायची, सुपारी बसेल एवढी खोबण तिच्यात करायची, आणि वरच्या पातीला लांब मूठ द्यायची, ती डाव्या हाताने दाबायची. चलथाणच्या रस्त्यावर साखर कारखान्याला ऊस नेणारे ट्रक पंक्चर काढायला थांबायचे, तिथल्या टपरीवरून ट्रकच्या स्प्रिंगचा तुटलेला पाटा उचलून आणला. ते पोलाद असं चिवट की दोन घावांत मनगटं भरून यायची. लाल करायचं, बडवायचं, पुन्हा भट्टीत. एका हाताने भाता फिरवायचा, दुसऱ्याने सांडशी सांभाळायची. माय आतल्या खाटेवरून बघायची, बोलायची नाही.

पात तयार झाली, घासली, धार काढली. मग तिला पाणी द्यायचं, म्हणजे लाल करून एकदम पाण्यात बुडवायची. त्याशिवाय धार टिकत नाही. बुडवली. वाफ गेली. मी पात बाहेर काढून पुसायला लागलो तर आतून मायचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी.

"तडकनं रे भाऊ ते."

तडकलं म्हणाली; लेकाला आमच्याकडे भाऊच म्हणतात. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. लूमवाल्यांचे कान असेच जातात, बारीक आवाज पहिल्यांदा जातात. उजेडात धरली तर धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर. इतक्या दिवसांचं काम पाण्यात गेलं. मी हातातली सांडशी भिंतीवर फेकली. बायको बाहेर आली, माझ्याकडे बघून आत गेली.

दुसरी पात करताना माय खाटेवरून उठून काठी टेकत मागच्या दारात येऊन बसली. या खेपेला पाण्याऐवजी तेलात बुडवली. मी तिच्याकडे बघितलं. तिने थोडा वेळ कान दिला आणि मान हलवली. पात शाबूत होती.

तरी भानगड संपली नाही. मूठ सोडली की वरची पात खाली पडायची. आता एकच हात असलेल्या बाईने मूठ उचलून धरायची की सुपारी ठेवायची? आठवडाभर डोक्याला ताप. शेवटी लूमच्या टाकाऊ सामानातली एक स्प्रिंग आणून खाली बसवली, पात आपोआप वर राहायला लागली. मग सगळं बाभळीच्या फळीवर ठोकून मायपुढे ठेवलं.

तिने डाव्या हाताने सुपारी खोबणीत बसवली. मूठ दाबली. पहिल्यांदा सुपारी उडाली, दुसऱ्यांदा फुटली. मग पाचसहा सुपाऱ्या खराब केल्यावर एक काप पडला. पातळ. मायने तो चिमटीत उचलला. समोर बायको बसली होती, तिने हात पुढे केला.

मायचा हात अर्ध्यात थांबला.

तिने काप फळीवर ठेवून दिला आणि मूठ ढकलली. "डावा हातघाई कोनले देऊ मी?" म्हणाली. डाव्या हाताने कोणाला देऊ. रडली नाही ती, चिडली होती. बायको म्हणाली, "आत्याबाई, मला चालतं हो." मायने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बायकोला चालत असेल, तिला चालत नव्हतं.

मी कपाळाला हात लावला. मी काय परक्या घरात वाढलो होतो? लहानपणी डाव्या हाताने कोणाला गुळाचा खडा पुढे केला म्हणून हिनेच माझ्या हातावर चापट मारली होती. डाव्या हाताने घेत नाहीत, देत नाहीत, देवाला फूल वाहत नाहीत. आणि मी शहाण्याने महिनोन्महिने घाम गाळून डाव्या हाताने सुपारी द्यायचं यंत्र केलं! कातरता येईल एवढंच बघितलं. पण तिला कुठे नुसती कातरायची होती. सुपारी खाणं तर तिने केव्हाच सोडलं होतं, दात नव्हते. तिला सुपारी द्यायची होती.

दोन आठवडे मी मागे फिरकलोच नाही. पाळी करायची, जेवायचं, पडायचं. कंटाळा आला होता सगळ्याचा, लोखंडाचा, मायचा, माझाही. मग एका सुट्टीला घरातली पोचे आलेली पितळी परात उचलली आणि कापली. बायकोने विचारलं, तिला धड उत्तर दिलं नाही. पितळ तापवून गार केलं की नरम पडतं, ते वाकवून एक घसरण केली, दोन्ही बाजूंना काठ उचललेली. पातीखालून निघून ती फळीच्या पलीकडच्या टोकाला उतरायची, म्हणजे समोर पाहुणा बसतो तिथे. तिथे त्याच परातीच्या पत्र्याची उथळ वाटी ठोकली. आधी काप घसरणीत अडकायचे. मग बारीक पॉलिशकागदाने ती इतकी घासली की बोटं हुळहुळली.

आता माय मूठ दाबायची, काप घसरत जायचा आणि वाटीत पडायचा. देणारा हात डावा नाही, उजवा नाही. हातच नाही. ज्याला घ्यायचं त्याने आपल्या हाताने उचलायचं.

त्या दुपारी बाया आल्या तेव्हा माय पायरीवर होती. "ल्या वं," ती म्हणाली, घ्या गं. चौघींनी एकेक काप उचलला. एक जण म्हणाली, "पातळ केलीस गं, पहिल्यासारखी." माय हसली. तोंड एका बाजूने वाकडं व्हायचं, तरी हसली. त्या रात्री आख्खी भाकरी खाल्ली, डाव्या हाताने, स्वतः कुस्करून. मी इतका गाढ झोपलो की सकाळी बायकोने हलवून उठवलं. मला वाटलं, जिंकलो. राहिली माय.

पंधरवडाही गेला नसेल. मी पाळीवरून आलो, हातपाय धुतले, तर ती म्हणाली, "आते माले जाऊ दे गावले."

मी हात पुसत तिच्याजवळ बसलो. मग ती सावकाश, शब्द जुळवत बोलली. इथे येतात त्या तुझ्या बायकोच्या मैत्रिणी, म्हणाली. माझ्या बाया तिकडे आहेत. मी गेले असते तर सगळ्या भेटायला आल्या असत्या, आणि मी त्यांच्यापुढे काय नुसता लुळा हात घेऊन बसले असते? म्हणून मग विचारणं सोडलं. आता हाताने जेवते, काठीने चालते, काही अडत नाही. काकूची भाकरी खाईन आणि ओट्यावर बसेन.

"माय," मी म्हणालो, "मी ते तू इथे राहावीस म्हणून केलं."

"माले माहित शे, भाऊ." मला माहीत आहे. मग म्हणाली, "काम मातर चांगलं झायं."

मला राग आला. इतका की जेवलो नाही. कोणाचा राग, ते सांगता येईना. तिला नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. आजपर्यंत म्हणत होतो ते खोटं नव्हतं, पण ते आता मीच खोडून ठेवलं होतं, माझ्याच हाताने, ऐरणीवर. एसटीडी बूथवरून गावी फोन केला. काकू म्हणाली, घेऊन ये, तिची खोली सारवून ठेवते.

सुरतेहून खानदेशात जाणाऱ्या ताप्ती लाईनच्या गाडीने तिला नेली. फळी माझ्या मांडीवर. गावात पोचलो तर आम्ही घराचं कुलूप काढायच्या आत बाया जमल्या. मायला ओट्यावर बसवलं. सुरतेत फळी पायरीच्या कोपऱ्यात अडकून राहायची, इथे तिने सुपारी ठेवून मूठ दाबली तर फळीच सरकली, एका हाताने ती धरणार कशी? ओट्याच्या लाकडी कडेला पक्की बसवल्याशिवाय चालणार नव्हतं. काकांकडे हाताने फिरवायचं गिरमिट होतं. मी गुडघ्यावर बसून चार भोकं पाडली.

स्क्रू फिरवताना मनात येऊन गेलं. एखादा जरा सैल ठेवावा. महिन्याभरात फळी हलायला लागेल, सुपारी नीट कातरणार नाही, मला परत ने असा निरोप येईल. कोणाला कळणार नाही. माय माझ्या हाताकडे बघत होती. बाया ओट्याखाली उभ्या राहून मी कधी उठतो याची वाट बघत होत्या.

मी चारही स्क्रू शेवटपर्यंत आवळले आणि बाजूला झालो.